एकाच घरातले, मग तुम्हाला कसा नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. एका खोलीत वाढलो, एका ताटात जेवलो, मग दादाला टीबी आणि मला साधा खोकलाही नाही, हे कसं? काहीजण पुढे आवाज खाली आणून विचारतात, "घराण्यातच हाय काय?"

ताटाचं आधी सोडा. टीबी हवेतून पसरतो. जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असंही नाही. शिरलेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच तो आयुष्यात कधीतरी उठतो. माझ्याही फुप्फुसात असेल निजलेला.

आनुवंशिकतेचा वाटा आहे, नाही कुठं म्हणतोय? एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टीबी झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसलंय. टीवायके२ जनुकाचा एक प्रकार आईवडील दोघांकडून आला तर धोका वाढतो, हे २०१८ साली कळलं. पण तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो. आमच्या बावड्यात त्याचा काय उपयोग?

पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मामांनी हेच विचारलं. पोह्याची बशी हातात धरून. दादाचा सहा महिन्यांचा कोर्स होऊन तो ठणठणीत झाला होता. मी सुरू झालो. जर्मनीत, ल्युबेकला, १९३० साली टीबीविरुद्धच्या बीसीजी लसीत टीबीचे खरे जंतू मिसळले गेले, सुमारे २५० बाळांना ती पाजली, सत्तरहून जास्त दगावली, पण बाकीची बहुतेक तगली. मामा म्हणाले, "म्हंजे ज्याच्या त्याच्या रक्तावरच हाय की." मी म्हटलं, नाही, डोसही सगळ्यांना सारखा नव्हता, आणि दादा शिरोलीला फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला होता. जंतू गिळणाऱ्या पेशी असतात ना, सिलिकाची धूळ त्यांनाच मारते.

दादा आतून आला. "पाहुणं, च्या घ्या," म्हणाला आणि मला परड्यात घेऊन गेला. "रक्तात हाय म्हणलास तर पोरीचं लगीन मोडतंय. धुळीनं झालं म्हणलास तर पोरगा त्याच खात्यात लागलाय, त्याला काय सांगू? तू गप बसायला काय घेशील?"

मला तेव्हा राग आला होता. खरं बोलायचं नाही का? अजूनही वाटतं, मी बरोबर होतो. पण मी "बरोबर" असून त्या घरात कुणाला काय मिळालं, ते सांगता येत नाही. पाहुण्यांनी पुतणीचा एक्स-रे मागितला. तो स्वच्छ निघाला. निरोप आला नाही.

पुतण्याकडे बापाची निम्मी जनुकं आहेत आणि बापाचंच ग्राइंडर. मास्क गळ्यात असतो.

दादाची जनुकं तपासून घ्यावीत असं मध्यंतरी डोक्यात होतं. एका माणसाला का झाला, हे त्यातून निघणार नाही, हे मला पटतं. तरी अधूनमधून वाटतं, करून टाकावी. निदान माझी.