तुम्ही विचारलेत म्हणून: रातकिड्यांना पपई कशासाठी?

"जे किडे उद्या सकाळी सरड्याच्या पोटात जाणार, त्यांची एवढी बडदास्त कशाला?" पेडण्याला आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला हा प्रश्न विचारतो. मागच्या पडवीत ठेवलेल्या झाकणाच्या डब्यांत, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेखाली, मी रातकिडे पाळतो आणि त्यांना रोज पपईच्या फोडी, लाल भोपळ्याचा कीस आणि शेवग्याचा कोवळा पाला घालतो. माझा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाहायला आलेली माणसे त्याच्यापेक्षा या ताटाकडेच अधिक वेळ पाहतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. माझ्याकडचा प्राणी येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन आहे. आपल्याकडच्या झाडांवर कधीतरी दिसणारा घोयरा हा भारतीय शॅमेलिऑन असून त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडून घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टांत येतात, त्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. पुढे जे लिहिले आहे, ते अशा रीतसर नोंदणी झालेल्या प्राण्याविषयी आहे.

रानातला शॅमेलिऑन दिवसभरात टोळ, माशा, अळ्या, फुलपाखरे, कोळी असे जे समोर येईल ते टिपतो, आणि यांतल्या बऱ्याच कीटकांनी स्वतः निरनिराळ्या झाडांचा पाला, पराग आणि फळे खाल्लेली असतात. पिंजऱ्यातल्या शॅमेलिऑनला मात्र आपण देऊ तोच किडा मिळतो, आणि विकत आणलेला किडा बहुधा कोंड्यावर वाढलेला आणि प्रवासात उपाशी राहिलेला असतो. असा किडा म्हणजे रिकामा डबा आहे. शॅमेलिऑन किड्याबरोबर किड्याच्या पोटातले अन्नही गिळतो. म्हणून किड्याने कालपासून काय खाल्ले, यावर शॅमेलिऑनला आज काय मिळणार हे बऱ्याच अंशी ठरते.

यात सर्वांत मोठा प्रश्न कॅल्शियमचा आहे. किड्यांना हाडे नसतात, आणि त्यांचे कवच प्रामुख्याने कायटिन हा चिवट पदार्थ व प्रथिने यांचे असते, त्यामुळे बहुतेक किड्यांत कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस भरपूर असतो. सरड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे, असे सामान्यतः मानले जाते. घरगुती रातकिड्यात मात्र फॉस्फरसच कॅल्शियमच्या सुमारे सातपट असतो, आणि मीलवर्म या अळीत तर पंधरापटीहून अधिक. हे प्रमाण असेच उलटे राहिले, तर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढू लागते. मग जबडा मऊ पडतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, फांदीवरची पकड सुटू लागते. शॅमेलिऑनमध्ये हा ऱ्हास पुष्कळदा जिभेत दिसतो. निरोगी शॅमेलिऑन किडा पाहताच दोन्ही डोळे त्याच्यावर रोखतो, तोंड किंचित उघडतो, जिभेचे जाड टोक ओठांशी आणून क्षणभर थांबतो आणि मग शरीराहून लांब जीभ अचूक फेकतो. आजारी शॅमेलिऑन हे सगळे करतो, पण जीभ अर्ध्यावरच पडते. भूक आहे, नेम आहे, भक्ष्य समोर आहे आणि तरी ते तोंडात येत नाही, हे पाहण्याइतके क्लेशदायक दुसरे काही मला ठाऊक नाही. हाडांचे वाकलेपण नंतरच्या उपचारांनी सहसा सरळ होत नाही, म्हणूनच मी या ताटाबाबत इतका आग्रही आहे.

आता ताटात काय असावे, याविषयी. शेवग्याच्या पाल्याला मी पहिला मान देतो. त्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा बरेच जास्त असते, आणि गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर ज्याची भाजी होते तो हा पाला आपल्या परसातच मिळतो, म्हणजे त्यावर काय फवारले आहे याची चिंता राहत नाही. तुतीचा पाला मिळाला तर तोही उत्तम. पपईतही कॅल्शियमची बाजू फॉस्फरसपेक्षा वरचढ आहे आणि तिच्यातल्या पाण्याने किड्यांची तहान भागते; पाण्याची वाटी ठेवली तर रातकिडे तीत बुडून मरतात. गाजर आणि लाल भोपळा मी कॅरोटिनॉइड, म्हणजे त्यांना केशरी रंग देणाऱ्या द्रव्यांसाठी घालतो. केळे किड्यांना फार आवडते, परंतु त्यात कॅल्शियम नावापुरतेच असल्यामुळे ते क्वचितच देतो.

इथे गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तांबडी भाजी (लाल माठ) आपल्या जेवणात रोजची, म्हणून ती किड्यांनाही घालावी असे अनेकांना वाटते; पावसाळ्यात अळूही दारात माजलेले असते. या दोहोंत, आणि पालकातही, ऑक्झलेट पुष्कळ असते, जे कॅल्शियमला बांधून ठेवते आणि शरीरात शोषू देत नाही. माणसाच्या मिश्र आहारात त्याचे फारसे बिघडत नाही, पण जिथे मुळातच कॅल्शियमची ओढाताण आहे, तिथे ही पाने रोजची नकोत. दुसरा सल्ला मला मिळतो तो चुन्याचा. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असतो आणि कुठल्याही सरड्याच्या तोंडाजवळ जाता कामा नये. आपण खातो त्या 'तिसऱ्या' नावाच्या शिंपल्यांचे कवच किंवा अंड्याचे टरफल हे कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते स्वच्छ करून, न भाजता, अगदी वस्त्रगाळ केले, तर किड्यांच्या कोरड्या खाद्यात थोडे मिसळता येते.

"मग सरळ कॅल्शियमची पूडच किड्यांवर का टाकत नाही?" असे काही जण पुढे विचारतात. तीही मी टाकतो. मात्र रातकिडा अंगावरची पूड थोड्याच वेळात झाडून, चाटून साफ करतो, आणि पुडीतून पाणी, कॅरोटिनॉइड आणि पाल्यातली इतर द्रव्ये मिळत नाहीत. पूड आणि पोटातले अन्न ही एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत. शिवाय कॅल्शियम शोषण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व लागते. ते शॅमेलिऑनच्या त्वचेत साधारण 290 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील-बी किरणांमुळे तयार होते, आणि खिडकीची काच हे किरण अडवते. ड आणि अ ही जीवनसत्त्वे पुडीतून अती दिली तर तीही घातक ठरतात, म्हणून त्यांचे प्रमाण सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

वेळेचे गणित सोपे आहे. किडे सरड्याला देण्याआधी 24 ते 48 तास त्यांना हे चांगले अन्न मिळाले पाहिजे. रातकिडे रात्री अधिक खातात, म्हणून मी ताट संध्याकाळी ठेवतो आणि उरलेले सकाळी काढतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पपईची फोड दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर तिच्यावर बुरशी धरते आणि अख्खा डबा आजारी पडतो. पोट भरलेला रातकिडा ओळखता येतो: उपाशी असताना त्याच्या पोटाची वलये एकमेकांत सरकलेली असतात, आणि भरपेट खाल्ल्यावर ती फाकून त्यांच्यामधली फिकट, ताणलेली त्वचा दिसू लागते. बाजारातली भाजी मी आधी दोन-चार किड्यांनाच घालून पाहतो, कारण कीटकनाशकाचा अंश किड्यांना आपल्याआधी कळतो.

आणि एक उत्तर भावनेचे आहे, तेही प्रामाणिकपणे देतो. हा किडा मी पाळला, मीच त्याला दुसऱ्याच्या तोंडी देणार. तो जिवंत असेपर्यंत त्याला पोटभर आणि स्वच्छ अन्न मिळावे, एवढे त्याचे माझ्याकडे निश्चितच येणे लागते.

सरड्याने न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी पिंजऱ्यातून वेचून परत डब्यात टाकावेत. भुकेला रातकिडा रात्री झोपलेल्या शॅमेलिऑनचे पाय आणि पापण्या कुरतडतो; एखादा सापडलाच नाही, तर त्याच्यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी गाजराचा तुकडा ठेवून द्यावा.