चंद्रीच्या तोंडाला चारा लागेपर्यंत

डिसेंबरातली पहाट. धार काढायला गोठ्यात गेले तर चंद्रीच्या पुढ्यातली वैरण रात्री टाकली तशीच पडलेली. तोंडातून लाळेच्या तारा गव्हाणीपर्यंत लोंबत होत्या आणि ती मचमच आवाज करत होती. हात लावला तर अंग भाजत होतं. थर्मामीटरवर १०५ ताप. एरवी सकाळी सात लिटर देणारी गाय, त्या दिवशी दोन लिटरवर आली.

दोन दिवसांपूर्वीचं एक चित्र तेव्हा डोळ्यांपुढे आलं. आमच्या शेताच्या कडेला पांदीत ऊसतोडीच्या बैलगाड्यांचा तळ पडतो. बीडकडची माणसं. दरवर्षी दिवाळीनंतर येतात आणि त्यांचे बैल आमच्याच हौदावर पाणी पितात. त्यातला एक बैल हौदापाशी मागचा पाय सारखा झटकत होता. मला वाटलं, नाल रुतली असेल. मी तशीच चंद्रीला पाण्यावर घेऊन गेले.

डॉक्टर नऊला आले. एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं जीभ बाहेर ओढली, तर जिभेचं कातडं भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सुटून त्यांच्या हातात आलं. खाली लालभडक मांस. हिरड्यांवर, ओठांच्या आत फोड फुटून व्रण झालेले. मग ते खाली बसले आणि चारी खुरांच्या बेचक्या पाहिल्या. तिथेही फोड. "लाळ्या-खुरकूत," ते म्हणाले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बुळकांडी तर नव्हं?" त्यांच्या लहानपणी वाड्यातली जनावरं बुळकांडीनं गेली होती. त्यातही तोंड सडायचं, लाळ गळायची. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. बुळकांडीत रक्ताची हगवण लागते, खुरांत फोड येत नाहीत, आणि तो रोग २०११ साली सगळ्या जगातून संपल्याचं जाहीर झालंय. तोंडात व्रण दिसले की आधी पाय बघायचे, हे मी तेव्हा शिकले. त्यांनी जिभेचा तुकडा ग्लिसरीनच्या द्रावणात घालून पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवला. पुढे कळलं, विषाणू 'ओ' प्रकारचा. आपल्याकडे 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' असे तीन प्रकार फिरतात, म्हणून लसही तिन्हींची मिळून असते.

लसीचा विषय निघाला तेव्हा मी मान खाली घातली. ऑक्टोबरात पथक दारात आलं होतं. बाकी तिन्ही जनावरांना टोचून घेतलं. चंद्री आठ महिन्यांची गाभण म्हणून मीच थांबवलं. व्यायल्यावर फोन करा, असं ते सांगून गेले. ती व्यायली, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर दूध यायला लागलं, आणि लस टोचली की दोन दिवस दूध घटतं म्हणून मी फोन केलाच नाही.

त्याची किंमत वासरानं दिली. बावीस दिवसांची कालवड होती. तिच्या तोंडात ना फोड, ना लाळ. चंद्री आजारी दिसली त्याच्या आदल्या संध्याकाळी आईला ढुसण्या देत पीत होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिला वेगळं बांधायला सांगितलं होतं आणि मी बांधलंही, पण तोवर ती आजारी आईचं दूध प्यायलीच होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती आडवी पडलेली दिसली. पाय ताठ. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं आणि मला हृदय दाखवलं. लाल मांसावर फिकट करडे पट्टे, वाघाच्या अंगावर असतात तसे. लहान वासरांत हा विषाणू थेट हृदयावर जातो, तोंडात काही दिसायच्या आत. आईला वेळेवर लस मिळाली असती तर चिकातून वासराला संरक्षण मिळालं असतं, हे त्यांनी मी विचारलं म्हणूनच सांगितलं. बांधाकडेला खोल खड्डा घेऊन, चुना टाकून तिला पुरलं.

त्यानंतर चंद्रीच्या तोंडापलीकडे मला काही सुचलं नाही. औषधानं विषाणू मरत नाही. इंजेक्शनं होती ती ताप उतरायला आणि जखमा पिकू नयेत म्हणून. बाकीचं काम हातांचं. सकाळ-संध्याकाळ पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी करून तोंड धुवायचं, मग जिभेला बोरोग्लिसरीन लावायचं. पायही त्याच पाण्यानं धुऊन कोरडे करायचे. शेजारच्या जुन्या माणसांनी चिखलात उभी करायला सांगितलं होतं. ते मी ऐकलं नाही. कोरडी जागा केली, खाली भुसा पसरला. तरी एका खुरात आसडी पडलीच. टर्पेंटाइनचा बोळा धरून एकेक अळी चिमट्यानं काढली. चंद्रीनं एकदाही लाथ मारली नाही.

सगळ्यात जिवाला लागायचं ते तिचं खाणं. भूक असायची. कडब्याकडे तोंड न्यायची, चिपाड जिभेला टोचलं की मान झटकून मागे व्हायची आणि पुन्हा माझ्याकडे बघायची. आत्याबाईंनी मोठ्या पातेल्यात नाचणीची आंबील आणि ज्वारीच्या कण्या शिजवायला सुरुवात केली, गूळ घालून, अगदी पातळ. कोमट झाली की मी घमेलं तिच्या हनुवटीखाली धरायचे. नळीनं घशात ओतायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन-चार घोट घेऊन ती थांबायची. अर्धा तास जायचा एका घमेल्याला.

तळावरच्या भाऊंचे दोन्ही बैलही याच रोगानं बसले होते. गाडी उभी राहिली की त्यांची मजुरी बंद, आणि उचल तर आधीच घेतलेली. मुकादम रोज येऊन गाडी जुंपायला सांगायचा. डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं, या पायांनी ओढायला लावलं तर खुराचं नखच गळून पडेल. नऊ दिवस गाडी जागेवर होती. गावातली काही माणसं म्हणत होती, या लोकांनीच रोग आणला. मला ते पटत नाही. रोग हौदातून आला आणि हौद आमचा होता. आत्याबाई त्यांच्या बैलांसाठीही आंबील करायच्या. फक्त भाऊ गोठ्याबाहेर थांबायचे आणि मी त्यांच्या बादलीत ओतायचे.

बाकीची कामं चालूच होती. हौद उपसून कोरडा केला. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा, असं पाणी करून गोठा, गव्हाण, दावी, माझ्या चपला सगळं धुतलं. निरोगी जनावरांची धार आधी, चंद्रीची शेवटी. डेअरीला मी स्वतः सांगून दूध बंद केलं. डॉक्टरांनी तालुक्याला कळवल्यावर आठवडी बाजारातली जनावरांची खरेदी-विक्री थांबली आणि आसपासच्या धड जनावरांना लस टोचली गेली. आमच्या लस घेतलेल्या तिघींपैकी एकीला जिभेवर छोटा फोड आला, तोही चार दिवसांत भरला. बाकी दोघींना काहीच झालं नाही.

बाराव्या दिवशी मी कोवळी मक्याची पानं बारीक कुटी करून पुढ्यात टाकली. चंद्रीनं जीभ बाहेर काढून एक पान ओढलं, थांबली, आणि चावलं. मी तिथेच भुशावर बसले.

ती वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. दूध सहा लिटरच्या वर गेलं नाही. माज अजून नियमित नाही. अंगावर राठ केस वाढलेत आणि ऊन चढलं की धापते. या रोगातून उठलेल्या गायींत असं राहतं, असं डॉक्टर म्हणाले. एप्रिलमध्ये पथक पुन्हा आलं. एकदा होऊन गेलं तरी दुसऱ्या प्रकारचा विषाणू गाठू शकतो, म्हणून त्यांनी तिलाही टोचलं. तिची मान मीच धरली होती. पांदीला आता तळाच्या जनावरांसाठी वेगळी सिमेंटची टाकी बांधलीय. दुपारी बारा ते चार चंद्री कडुनिंबाखाली असते. पाठीवर ओलं गोणपाट टाकते, आणि तासातासाला ते पुन्हा भिजवते.