तुम्ही विचारलंत म्हणून: मैदान का सोडलंत?

हा प्रश्न वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. ज्युनिअर मुली विचारतात, बॅचमेट विचारतात, परवा तर औषधाच्या दुकानात बिल होता होता दुकानदारानेही विचारलं. "मॅडम, तुम्ही एमपीटी स्पोर्ट्समध्ये केलंत ना? मग दिवसभर आज्यांचे गुडघे काय वाकवत बसता?"

एमपीटी म्हणजे फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी. पण त्या प्रश्नातलं 'बसता' मला टोचतं. गुडघा बदललेली बाई घरी आल्यावर तिचा पाय सरळ होणं हे वाकण्याइतकंच, खरं तर वाकण्याच्या आधी महत्त्वाचं असतं. घरचे मात्र "किती वाकला, किती वाकला" एवढंच विचारतात आणि गुडघ्याखाली मऊ उशी देऊन ठेवतात. ती उशी काढायला लावणं, सुनेशी वाईटपणा न घेता काढायला लावणं, हे कौशल्य मी कुठल्याही अकादमीत शिकले नाही. हे काम मला आवडतं. शिवाय यात पैसे मिळतात, तेही त्या त्या दिवशी. आधी मी जिथे होते ती कबड्डी अकादमी महिन्याला बारा हजार द्यायची, आणि तेही मागावे लागायचे. टेपचे रोल मी माझ्या पैशाने आणायचे. स्पर्धेच्या ठिकाणी माझी ओळख 'स्प्रे मारणाऱ्या मॅडम' अशी होती.

आजवर मी हेच उत्तर देत आले. पगार, मान, रात्रीचे प्रवास, मुलगा लहान. त्यातलं काहीच खोटं नाही. ऐकणारा मान हलवतो, विषय संपतो. गेल्या वर्षी एका कॉलेजात बोलायला गेले होते, तिथे मात्र मी जरा पुढे गेले आणि म्हणाले, "व्यवस्थेच्या दबावाखाली चुकीचे निर्णय घ्यावे लागतात." मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, पण मग तुम्ही 'नाही' का नाही म्हणालात?" हशा पिकला. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू तसंच तोंडावर चिकटून होतं.

म्हणून एकदा सगळं लिहिते.

२०१८ साल. ती एकोणीस वर्षांची, चढाईपटू, डाव्या बाजूने आत शिरून बोनस मारण्यात तिचा हात धरणारी जिल्ह्यात दुसरी नव्हती. एका सामन्यात डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने तिचा घोटा धरला, ती अंग फिरवून सुटायला गेली, पाय तिथेच राहिला आणि शरीर वळलं. एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा बंध, गेलं, सोबत मेनिस्कसचा, गुडघ्यातल्या गादीचा, तुकडाही. मिरजेत ऑपरेशन झालं, मांडीच्या मागच्या शिरेचा ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्याच्या जागी नवा बंध, घालून. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी ऑपरेशन केलं. ते मला कधी म्हणाले नाहीत, पण हप्त्याच्या तारखा त्यांच्या चेहऱ्यावर दिसायच्या.

पहिले चार महिने मी इतकं मन लावून काम दुसऱ्या कुणावर केलं नसेल. सकाळी सहाला ती यायची, सायकलवरून, आठ किलोमीटर. मांडीचा घेर ऑपरेशननंतर साडेचार सेंटिमीटरने उतरला होता, तो अडीचवर आणला. एका पायावर बसणं, पायरी उतरणं, मग हलकं धावणं. "मॅडम, करंट लावायचं राहिलं की आज," असं ती चेष्टेने म्हणायची, कारण तिच्या गावात फिजिओ म्हणजे करंट आणि शेक. मी करंट लावत नव्हते, याचा मला केवढा अभिमान होता!

साडेसहा महिने झाले आणि निवड चाचणीची तारीख आली. कुमारी गटाची. वीस वर्षांची अट. पुढच्या वर्षी ती त्या गटात बसणार नव्हती. राज्याच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायला नको. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण इथल्या पोरींच्या घरात देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं असतं.

प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, एक कागद द्या. बाकीचं मी बघतो."

मी म्हटलं, आधी चाचणी घेऊ. अकादमीच्या हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टी लावली, शिंप्याचा टेप आणला. एका पायावर उभं राहून लांब उडी, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. तीन उड्या, त्यातली चांगली धरायची. चांगला पाय : १४२ सेंटिमीटर. ऑपरेशनचा पाय : १११. मोबाइलवर भागाकार केला. ७८ टक्के.

९० हवे असतात, निदान. आणि ९० हासुद्धा लबाड आकडा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. सहा महिने घरात बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो. मोजता कशाशी, तर त्या कमजोर पायाशी. त्यात लांब उडीत गुडघ्याचा वाटा मुळात थोडा. कंबर आणि घोटा मिळून त्याची उणीव झाकून टाकतात. म्हणजे ७८ दिसत असतील तर गुडघ्याचे खरे त्याहून कमीच.

आणि मी २०१६चा तो नॉर्वे-अमेरिकेचा अभ्यास वाचलेला होता. नुसता वाचलेला नाही, विभागाच्या जर्नल क्लबमध्ये मीच तो मांडला होता, स्लाइड करून. १०६ रुग्ण. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकलाल, दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी खाली. ज्यांनी चाचण्या पास न करता खेळ सुरू केला त्यांच्यात ३८ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची इजा, पास झालेल्यांत साडेपाचच्या आसपास. टाळ्याही मिळाल्या होत्या.

प्रशिक्षक दारात उभे. वडील बाहेर बाकड्यावर, टोपी हातात घेऊन. ती फरशीवर बसून बुटाची नाडी बांधत होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई." मी विचारलं, "भीती वाटते का?" ती पुन्हा "न्हाई" म्हणाली, पण या वेळी नाडीची गाठ सोडून परत बांधायला लागली.

माझ्या एमपीटीच्या प्रबंधासाठी मी मुलींकडून दुखापतींची प्रश्नावली भरून घेतली होती. प्रशिक्षक शेजारी उभे असले की 'गेल्या वर्षभरात दुखापत' या रकान्यात फुल्या पडायच्या. ते चहाला गेले की त्याच पोरी येऊन खांदा, घोटा, बोटं दाखवायच्या. म्हणजे 'न्हाई' या शब्दाची किंमत मला ठाऊक होती. अख्ख्या खोलीत ती फक्त मलाच ठाऊक होती.

मी लिहिलं : फिट टू प्ले विथ कॉशन. खाली सही, नोंदणी क्रमांक, शिक्का.

'विथ कॉशन' म्हणजे काय? कबड्डीत सावधपणे चढाई कशी करतात? तीस सेकंदांत, समोर सात जणी? तो शब्द तिच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. उद्या काही झालं तर कागदावर असावा म्हणून.

निवड चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या सामन्यात, तिला कुणी हातही लावला नव्हता. ती मधल्या रेषेकडे परत वळत होती. मॅटवर बूट रुतला, गुडघा आत गेला. मी बाजूलाच उभी होते, हातात स्प्रेचा डबा. आवाज ऐकला असं मला वाटतं. खरंच ऐकला की नंतर मनाने घातला, सांगता येत नाही. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी हॉलमध्ये जे बघणं टाळलं होतं, ते आता बघितलं.

मी धावत गेले आणि स्प्रे मारला. तुटलेल्या ग्राफ्टवर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता माझी बाजू. सर्जनच्या फाइलमध्ये 'सहा महिन्यांनंतर खेळ' असं लिहिलेलं होतंच. मी नाही म्हटलं असतं तर प्रशिक्षकांनी तासाभरात दुसरा कागद आणला असता. शिवाय पंचविशीच्या आतले, ऑपरेशननंतर खेळात परतलेले खेळाडू सगळे मिळून धरले, तरी जवळपास २३ टक्क्यांना दुसऱ्यांदा एसीएलची इजा होते, या गुडघ्यात किंवा त्या. नऊ महिने थांबून, सगळ्या चाचण्या पास होऊनही तिचा गुडघा गेला असता का? गेला असता, नसता. एका पोरीचा गुडघा म्हणजे टक्केवारी नाही, हे मी भाषणात म्हणते. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मी टक्केवारीचाच आधार घेते.

आणि त्या अभ्यासांवरही माझा थोडा राग आहे. ते नॉर्वेचे, स्वीडनचे. फुटबॉल, हँडबॉल, स्कीइंग. तिथल्या खेळाडूला नऊ महिने थांब म्हटलं की तो पुढच्या मोसमात खेळतो. वयाची अट, पतसंस्थेचा हप्ता आणि एकच चाचणी, असा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो. मातीवर अनवाणी घसरणारा पाय आणि मॅटवर बुटात रुतणारा पाय यांतला फरक मोजणारं काम कबड्डीतच व्हायला हवं. ते मी करायला हवं होतं. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायला घेतलाही होता. तो लॅपटॉपमध्ये आहे, 'फायनल २' नावाने.

पण एवढं सगळं सांगून झाल्यावरही एक गोष्ट मी दरवेळी गाळते. त्या चाचणीच्या आठवडाभर आधी प्रशिक्षक मला म्हणाले होते, "यंदा राज्य संघाबरोबर फिजिओ म्हणून तुमचंच नाव सुचवणार आहे." एवढंच. अट घातली नव्हती, सूचकही बोलले नव्हते. कदाचित त्यांच्या डोक्यात त्याचा आणि कागदाचा काही संबंधही नसेल. माझ्या डोक्यात होता. टेपवर १११चा आकडा बघताना मला ट्रॅकसूट दिसत होता, पाठीवर महाराष्ट्र लिहिलेला.

त्यामुळे 'व्यवस्थेचा दबाव' म्हणते तेव्हा मी अर्धं खोटं बोलत असते. एकोणतीस वर्षांच्या त्या मुलीला, म्हणजे मला, मी बऱ्याचदा विचारते की ट्रॅकसूट नसता तर नाही म्हणाली असतीस का. ती कधी 'हो' म्हणते. कधी म्हणते, "तुला आता बरं सुचतंय, बाहेर बाकड्यावर तो बाप बसला होता." मला दोन्ही पटतं.

पुढे सहा महिन्यांत मी अकादमी सोडली. कुणी काढलं नाही. कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. तक्रार नाही, भांडण नाही. वडील तर नंतर घरची वांगी घेऊन आले होते.

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या नावापुढे 'डॉ.' लावावं की नाही यावर केवढा गदारोळ झाला. दिल्लीहून ९ तारखेला 'लावू नका' असं पत्र निघालं, १० तारखेला ते मागे घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत माझा फोन थंड झाला नाही. ग्रुपवर चारशे-पाचशे मेसेज. मीही तावातावाने लिहिलं, कारण साडेचार वर्षं अधिक दोन वर्षं शिकून 'मसाजवाली' ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. पण लिहिता लिहिता वाटत होतं की नावाच्या पुढे काय यावर आपण इतकं बोलतो, आणि नावाच्या वर आपण काय लिहून सही करतो यावर एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

ज्युनिअर मुलींनो, तुम्ही स्पोर्ट्समध्ये जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा. माझ्याहून चांगल्या निघाल, कदाचित. मला परत जावंसं वाटतं का? वाटतं. रविवारी शाळेच्या मैदानावर सामना चालू असला की गाडी हळू होते माझी. मी थांबत नाही.

ती आता पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, स्कूटीवरून. दुसरं ऑपरेशन केलं नाही. रोजच्या चालण्याला गुडघा साथ देतो, पण पोलीस भरतीच्या धावण्याला उतरायची तिची हिंमत झाली नाही. गेल्या महिन्यात ती तिच्या आत्याला घेऊन माझ्याकडे आली. आत्याचा गुडघा बदललेला. आत्या पलंगावर टाच घासत पाय मागे-पुढे करत होती, मी मोजत होते, आणि ही स्टुलावर बसून भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघत होती. मध्येच म्हणाली, "मॅडम, तवा मी उडी मारलेली ना फरशीवर. किती टक्के भरलं होतं ओ माझं?"

मी आत्याच्या टाचेकडे बघत म्हटलं, "आता आठवत नाही गं. इतकी वर्षं झाली."

ती "असूदे" म्हणाली. मी आत्याला अजून दहा मारायला सांगितल्या.