एकच द्यायचं तर शत्रूचं द्या

विमानांचं वेड असलेल्या मुलांचे आईबाप मला हमखास एक प्रश्न विचारतात. पोरगं दिवसभर वहीत विमानं काढत बसतं, तुमच्याकडे हवाई युद्धाच्या जुन्या कॉमिक्सचं कपाट भरलंय, त्यातलं एकच द्यायचं झालं तर कोणतं द्याल? मग जरा थांबून दुसरा प्रश्न येतो: त्याने मारामारीची गोडी तर नाही ना लागणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, 'एनिमी एस' (म्हणजे शत्रूचा पटाईत वैमानिक) हे जुनं अमेरिकन कॉमिक द्या. दोन्ही प्रश्नांना माझं हेच उत्तर आहे.

आपल्याकडे या विषयात पहिलं नाव निघतं ते 'कमांडो'चं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९६१ साली सुरू केलेली ही छोटेखानी पुस्तकं मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर आणि गल्लीतल्या लायब्रऱ्यांमध्ये हातोहात फिरली. इयन केनेडीने रंगवलेली त्यांची मुखपृष्ठं मी आजही डोळे भरून बघतो. विमान वळताना पंखावर पडणारा उजेड त्याच्यासारखा कुणालाच साधला नाही. पण आतल्या गोष्टींत जर्मन माणसाच्या वाट्याला बहुतेकदा 'आख्टुंग!' (सावधान!) असं ओरडणं आणि मरणं, एवढंच येतं.

हवाई युद्धाच्या चित्रकथेत मुळातच एक धोका असतो. खंदकातल्या लढाईत मरणाऱ्याचा चेहरा काढावा लागतो. आकाशात मात्र पडतं ते विमान. धुराची एक रेघ, मोठ्या अक्षरात स्फोटाचा आवाज, की पुढचं पान. आत माणूस होता हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनचं 'व्हॅम!' हे १९६३चं गाजलेलं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते ज्यावरून घेतलं, ती कॉमिकमधली चौकट अर्व्ह नोविकने काढलेली, १९६२ साली 'ऑल-अमेरिकन मेन ऑफ वॉर' या मासिकात छापलेली होती. त्या भल्यामोठ्या चित्रात दोन विमानं आहेत, आग आहे, पण चेहरा एकही नाही. या प्रकारातलं जगाला सगळ्यांत ठाऊक असलेलं चित्र नेमकं तेच असावं, याचं मला वाईट वाटतं.

'एनिमी एस' त्या यंत्रातल्या माणसाला सोडत नाही. लेखक रॉबर्ट कॅनिगर, चित्रकार जो क्यूबर्ट. पहिली गोष्ट आली १९६५ साली, 'अवर आर्मी ॲट वॉर'मध्ये, म्हणजे सार्जंट रॉक या अस्सल अमेरिकन शिपायाच्याच मासिकात. आणि नायक कोण, तर पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक हान्स फॉन हॅमर. अमेरिकेच्या बाजूच्या विमानांवर गोळ्या झाडणारा माणूस अमेरिकन मुलांनाच नायक म्हणून दिला. आणि तेही अमेरिका स्वतः युद्धात उतरत असताना: त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरले. क्यूबर्ट स्वतः पोलंडमधल्या ज्यू घरात जन्मलेला, तान्हेपणी अमेरिकेत आलेला. त्याने हा जर्मन ज्या मायेने काढलाय, ते मला फार मोठं वाटतं.

हॅमर बेतलाय तो 'रेड बॅरन' मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनवर. तेच लाल रंगाचं, तीन पंखांचं फोकर विमान. रिश्टहोफेन पाडलेल्या प्रत्येक विमानामागे बर्लिनच्या सराफाकडून चांदीचा छोटा पेला करून घ्यायचा. युद्धात चांदी मिळेनाशी झाली तेव्हा साठावर ते थांबलं, विमानं मात्र ऐंशीपर्यंत गेली. पंचविसाव्या वर्षी, २१ एप्रिल १९१८ रोजी, तो स्वतः पडला. कॉमिकमधला हॅमरही पेले मांडतो. खाली तळावरची माणसं कुजबुजतात, हा माणूस नाही, मारण्याचं यंत्र आहे. ते त्याला ऐकू येतं. त्याला मित्र नाही; सुट्टीत तो रानात जातो, तिथे एक काळा लांडगा त्याच्यासोबत चालतो, तेवढीच संगत. क्यूबर्ट वैमानिकाचा चष्मा कपाळावर चढवून ते डोळे दाखवतो, आणि ते बघितल्यावर पुढच्या चौकटीतली विमानाची कसरत पहिल्यासारखी मजेची राहत नाही.

एक गोष्ट तर मी कुणाला दिल्याशिवाय राहतच नाही. हॅमरला एक कुत्र्याचं पिल्लू मिळतं, शात्सी. पिल्लू नशीब घेऊन येतं म्हणून तो त्याला विमानात घेऊन उडतो. पिल्लाचं डोकं बाहेर, कान वाऱ्यावर, आणि एवढ्या गोष्टींत पहिल्यांदाच हा माणूस खुशीत दिसतो. मग चकमक होते, विमान उलटं होतं, आणि पिल्लू खाली पडतं. बस्स, इतकंच. त्या विमानांना छत नव्हतं, हे तांत्रिक पुस्तकात वाचलेलं असतं. इथे ते पोटात कळतं. रिश्टहोफेनने आपल्या मोरित्झ नावाच्या दांडग्या कुत्र्याला खरोखरच एकदा विमानातून फिरवून आणलं होतं. कॅनिगरला ते ठाऊक होतं का, कोण जाणे, पण गोष्ट त्या जगाला शोभणारीच आहे.

पुढे क्यूबर्ट 'एनिमी एस' छापणाऱ्या डीसी कंपनीच्या युद्ध-मासिकांचा संपादक झाला आणि गोष्टींच्या शेवटी एक शिक्का छापू लागला: 'मेक वॉर नो मोअर', म्हणजे आता युद्ध नको. काहींना तो उपदेश वाटतो. मला नाही वाटत, कारण चित्रांनी तो आधीच कमावलेला असतो.

मूल जरा मोठं असेल तर जोडीला 'थंडरजेट!' शोधा. १९५२ची, हार्वी कर्ट्झमनने लिहिलेली आणि ॲलेक्स टॉथने काढलेली ही गोष्ट कोरियाचं युद्ध चालू असतानाच छापली गेली. सरळ पंखांचं अमेरिकन एफ-८४ आणि त्याच्याहून वेगवान रशियन मिग-१५, हा सामना वैमानिकाच्या खुर्चीत बसवून दाखवलाय.

दहा-अकराच्या आधी 'एनिमी एस' देऊ नका. काळ्या-पांढऱ्या छपाईचा 'शोकेस प्रेझेंट्स' संग्रह जुना मिळाला तर तोच घ्या, क्यूबर्टची शाई त्यात जास्त खुलते. शात्सीची गोष्ट मात्र आधी स्वतः वाचा. आणि मूल विचारेलच, 'पण हा तर शत्रू ना?' तेव्हा लगेच काही समजावू नका. पुढची गोष्ट काढून द्या.