पाव आटा

दुपारी ठाण्याच्या तीन हात नाक्यावर सिग्नलला शेजारी एक यामाहाची आरएक्स हंड्रेड मोटरसायकल येऊन थांबली. काळी, घासूनपुसून चकचकीत. मालक विशीतला, म्हणजे गाडी त्याच्याहून थोरली. १९९६ सालीच बंद झाली ती. पोरगा सारखा रेस करत होता. रेसची मूठ सोडली तरी आवाज लगेच खाली बसेना, अधांतरी रेंगाळायचा आणि मग एकदम कोसळायचा. वाटलं, उतरावं आणि त्याच्या कार्ब्युरेटरचा (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) एअर स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, आत फिरवून द्यावा; आत घेतला की हवा कमी, बाहेर सोडला की जास्त. काही लोकांना दुसऱ्याच्या घरातली तिरकी तसबीर बघवत नाही, तसलाच प्रकार.

ही खोड काकाच्या गाडीमुळे लागली. आम्ही कोपरीत, काकाची नोकरी वागळे इस्टेटला. त्याचा हिशेब सोपा: हवा जास्त, पेट्रोल कमी, ॲव्हरेज झकास. रविवारी खोपटच्या मिस्त्रीकडून ट्यूनिंग करून आणायचा आणि सोमवारी जेवणं झाली की टॉर्च माझ्या हातात देऊन स्क्रू पाव आटा बाहेर सोडायचा. मंगळवारी पुलाच्या चढावर गाडी खोकायची. पुढच्या रविवारी मिस्त्री न बोलता प्लग काढायचा. टोक चॉकलेटी असायला हवं, ते पांढरंफटक: पेट्रोल कमी पडल्याची खूण.

"साहेब, पेट्रोल वाचवाल आणि पिस्टन घालवाल."

काका माझ्याकडे बघायचा, जणू टॉर्च मीच धरली होती. तशी मीच धरली होती म्हणा.

मिस्त्री आधी इंजिन गरम होऊ द्यायचा. स्लो, म्हणजे मूठ न पिळता इंजिन चालतं तो वेग, थोडा चढवायचा. मग एअर स्क्रू हलक्या हाताने बंद (करकचून नाही, बसायची जागा खराब होते) आणि तिथून दीड आटा बाहेर. पुढे नुसता कान. थोडं इकडे, थोडं तिकडे, आवाज जिथे सगळ्यात वर चढेल तिथे थांबायचं, आणि स्लो परत खाली. इथे तबला लावणाऱ्याची उपमा द्यायची पद्धत आहे. आमचा मिस्त्री हे सगळं डाव्या हातात वडापाव धरून करायचा.

कॉलेजात मित्र हौसेने मोठा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) टाकून घ्यायचे. मेन जेटचं खरं राज्य मूठ पाऊणच्या पुढे पिळल्यावर. घोडबंदर रोडला कापूरबावडी ते मानपाडा माझी मूठ पावाच्या पुढे गेल्याचं आठवत नाही. तिथली सगळी मजा स्लो जेट (कमी मुठीला पेट्रोल देणारं छोटं छिद्र), एअर स्क्रू आणि थोडीफार मधल्या मुठीचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईच्या क्लिपच्या हातात. दुसऱ्या गिअरमध्ये रिक्षाच्या मागून मूठ जराशी वळवावी आणि गाडीने न अडखळता उचलावं, बास. टॉप स्पीड सांगणाऱ्यांशी मी फार बोलत नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला आणि नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. माझ्या स्कूटरमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेतात, पेट्रोल किती ते आतला संगणक ठरवतो. गाडी कधी खोकत नाही. काका आज असता तर त्याने टॉर्च घेऊन कुठला तरी स्क्रू शोधलाच असता.

सिग्नल सुटला आणि आरएक्स बंद पडली. मागून हॉर्न सुरू. मला राहवलं नाही.

"अरे, हवा जास्त होतेय. पाव आटा आत घे."

पोराने वर न बघताच किक मारली.

"माहितीये काका. ॲव्हरेजसाठी ठेवलंय तसं."