नायट्रोजन संपला की बुरशी तेल का साठवते

महापे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत म्यूकर बुरशीचा नमुना तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा नाइल रेड या तेल दाखवणाऱ्या रंगाने रंगवलेल्या तंतूंत तेलाचे सोनेरी थेंब दाटीवाटीने चमकत होते. माध्यमात साखर भरपूर होती, मात्र नायट्रोजन संपला होता. अशा वेळी एएमपी डीॲमिनेज हे विकर (एन्झाइम) पेशीतले एएमपी, म्हणजे नायट्रोजन असलेला एक छोटा रेणू, घटवते. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियातले एएमपीवर अवलंबून असणारे आयसोसायट्रेट डीहायड्रोजिनेज, म्हणजे सायट्रेटला ऊर्जेसाठी पुढे नेणाऱ्या साखळीतले विकर, मंदावते, सायट्रेट साठून पेशीद्रवात येते आणि तिथे एटीपी सायट्रेट लायेज त्यापासून ॲसिटिल-कोए, म्हणजे तेलाचा कच्चा माल, तयार करते. पावाच्या यीस्टकडे हे लायेजच नाही, म्हणून तेलाच्या बाबतीत ते बिचारे गरीब.

पुढची चावी या कच्च्या मालाला मेदाम्लांच्या वाटेवर नेणाऱ्या ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज या विकराकडे असते. यीस्टमध्ये ग्लुकोज आटले की एसएनएफ-१ हे ऊर्जेची टंचाई ओळखणारे विकर या कार्बोक्सिलेजवर फॉस्फेट चढवून त्याला थांबवते.

एनएडीपीएच, म्हणजे मेद घडवताना इलेक्ट्रॉन देणारा रेणू, पुरवणाऱ्या मॅलिक एन्झाइमला मात्र, माझ्या मते, उगाच दुय्यम लेखले जाते. म्यूकरमध्ये त्याची क्रियाशीलता मावळली, की साखर असूनही तेल वाढत नाही. सहाव्या दिवशी थेंब तेवढेच दिसले, म्हणून मी माध्यमातली साखर मोजली. ती शिल्लक होती.