रिपोर्ट नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

अनएक्सप्लेन्ड इनफर्टिलिटी म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि तरी दिवस राहत नाहीत. एचएसजीत, म्हणजे ट्यूबच्या एक्स-रेत, ट्यूब मोकळ्या, नवऱ्याचा काउंट चांगला, पाळी वेळच्या वेळी, एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन पण ठीक, म्हणजे अंडं फुटतंय. सासूबाई विचारतात मग अडलंय कुठे, आता त्यांना काय सांगणार!

तरी पहिल्याच व्हिजिटला चिठ्ठीवर क्लोमिफीन ५०, अंडं वाढवायची गोळी, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं किती वाढलं ते बघायला एक दिवसाआड सोनोग्राफी, बाहेर बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, कुणी बोलत नाही पण आतून येणारीच्या तोंडावरून कळतं किती एमएम झालं ते. १८-२० झालं की एचसीजीचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडं फुटतं. माझं फुटायचं व्यवस्थित, फक्त गर्भाशयाचं अस्तर पातळ राहायचं, क्लोमिफीनने काहींचं होतं तसं.

आता पीसीओएसवालीचं अंडंच नीट तयार होत नसतं, तिला गोळीचा उपयोग आहे, आणि तिथे लेट्रोझोल ही दुसरी गोळी जास्त चांगली (आपल्याकडे २०११ला इनफर्टिलिटीसाठी तिच्यावर बंदी आली होती, २०१७ला उठली). पण जिचं दर महिन्याला फुटतंयच तिला नुसती गोळी देऊन काय होणार? २००८ला स्कॉटलंडच्या स्टडीत सहा महिने काहीच न केलेल्यांत १७ टक्क्यांना मूल झालं आणि नुसत्या क्लोमिफीनवाल्यांत १४, म्हणजे फरक नाहीच म्हणा. ब्रिटनच्या नाइसने, म्हणजे उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या तिथल्या संस्थेने, तर २०१३लाच सांगितलंय की अशा बायकांना या गोळ्या देऊ नका.

आययूआयसोबत, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडतात त्यासोबत, दिलं तर गोष्ट वेगळी. २०१५ला अमेरिकेत ९०० जोडप्यांवर स्टडी झाली, जास्तीत जास्त चार सायकल, क्लोमिफीनवर २३ टक्क्यांना मूल झालं, लेट्रोझोलवर १९, गोनाडोट्रॉपिनच्या, म्हणजे अंडी वाढवणाऱ्या हॉर्मोनच्या, इंजेक्शनांवर ३२. पण इंजेक्शनवाल्यांत ज्यांना दिवस राहिले त्यातल्या जवळपास तिघींत एकीला जुळी नाहीतर तिळी! त्यामुळे इंजेक्शनचं नाव काढलं की आधी हे विचारा, बिल नंतर. आणि पस्तिशी ओलांडली असेल तर नुसत्या गोळ्यांवर महिने घालवणं मला तरी पटत नाही.

आमचं आता गोळी अधिक आययूआय ठरलंय. मॅडमनी विचारलं जुळी झाली तर चालतील ना, नवरा लगेच हो म्हणाला, त्याला काय जातंय म्हणायला.